कुंपणाखालून सरकवलेलं पान

मुलांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही नामिबियाच्या सफरीचे फोटो दाखवलेत. टपावर तंबू बांधलेली गाडी, अभयारण्यातल्या पाणवठ्यावर रांगेने आलेले हत्ती, आणि तलवारीसारख्या सरळ शिंगांचा तो करडा ओरिक्स. धाकटीने विचारलं, "आजी, यू हॅव धिस वन इन सौदी, ना?" मी उत्तर देणार, तेवढ्यात चिपळूणहून त्याच कॉलवर असलेल्या तुमच्या आत्याआजीने ते देऊन टाकलं. तिच्या आईच्या तिथीला वाळवंटातून एक पांढरीशुभ्र गाय चालत आली आणि तिने तिच्या हातचा घास खाल्ला. "डोळे अगदी आईचेच हो," असंही ती म्हणाली. थोरला म्हणाला, "सो स्वीट." तुमचे आजोबा माझ्या शेजारी बसून मान डोलावत होते.

गाय आली नव्हती. घास खाल्ला गेला, एवढं खरं आहे. बाकी जे घडलं ते तुम्हांला कोणी सांगितलेलं नाही, आणि आता मी सांगितलं नाही तर आत्याआजीची गोष्टच आपल्या घरात राहील. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, आयुष्यभर मी तेच शिकवलं. पण जे झालं ते मराठी बोलण्यामुळे झालं. एखादा शब्द अडला तर आईला विचारा. बाबांना नको, ते आपल्या आत्याच्या बाजूचे आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आजोबा तेव्हा इथे जेद्दाला सरकारी इस्पितळात सर्जन होते आणि त्यांची बहीण, म्हणजे आत्याआजी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आली होती. आम्ही दोघी एका वयाच्या. ती मला वहिनी म्हणते, मी तिला वन्सं म्हणते, आणि चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना "तुम्ही" म्हणत आलो आहोत. त्या "तुम्ही"त किती थंडी भरता येते ते तुम्हांला इंग्रजीत समजावता यायचं नाही.

पहिल्या आठवड्यात तिने माझी डाळीची बरणी हलवली. दुसऱ्या आठवड्यात मी ती परत जागेवर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात पितृपक्ष लागला, आणि माझ्या सासूबाईंच्या तिथीला मी दरवर्षी काय करते, याची तिने चौकशी केली.

मी सांगितलं. सकाळी वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी करते. कावळ्याचं पान स्वयंपाकघराच्या गॅलरीत ठेवते. जेद्दाला आपल्याकडचेच कावळे आहेत, त्यामुळे ती सोय आहे.

"आणि गाईचं?"

"गाय कुठे मिळणार इथे, वन्सं? कागदात नीट गुंडाळून टाकते."

"कुठे टाकता?"

मी ओटा पुसायला लागले. गाईसाठी काढलेलं पान दुसरं कुठे टाकणार?

"कचऱ्यात?" ती आजोबांकडे वळली. "दादा, ऐकलंस? आईचं पान इतकी वर्षं कचऱ्यात जातंय."

आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

त्यानंतर चार दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून प्यायची आणि पातेलं न विसळता ठेवायची.

याच दिवसांत आजोबांच्या एका जुन्या पेशंटचा फोन आला. गुहागरकडचा माणूस, पन्नाशीचा. सौदीला आला होता प्लंबर म्हणून, ताइफच्या पलीकडच्या एका अभयारण्यात पाणवठ्यांचे नळ बसवायला. नळ बसवून झाले, पण जनावरांशी त्याचं असं जमलं की तिथल्या लोकांनी त्याला राखणीला ठेवून घेतलं. आजोबांनी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन केलं होतं. तेव्हापासून वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा, "सायेब, येकदा येऊन बघा माझी जनावरं." या वेळी म्हणाला, मुदीरकडून, म्हणजे तिथल्या साहेबांकडून, तीन माणसांची परवानगी काढली आहे. शुक्रवारी या.

त्याने फोटोही पाठवले. पांढरं अंग, काळे पाय, काळ्या पट्ट्यांचं तोंड, लांब सरळ शिंगं. अरबी ओरिक्स. तुमच्या नामिबियातल्या ओरिक्सची लहान बहीण म्हणा. रानातून हे जनावर शिकारीने पार संपलं होतं. कुंपणात वाढवून, थोडी थोडी करून ती पुन्हा वाळवंटात सोडतात.

आत्याआजीने फोन हातात घेऊन फोटो मोठा केला. "अगंबाई," ती म्हणाली, "ही तर गायच की."

शुक्रवारी सासूबाईंची तिथी होती. पान कुठे जाणार ते त्या क्षणीच मला कळलं होतं, हे लक्षात ठेवा.

शुक्रवारी पहाटे तिने एकटीने सगळा स्वयंपाक केला. मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. कावळ्याचं पान गॅलरीत गेलं, आजोबांनी जमेल तसं तर्पण केलं, आम्ही लवकर जेवलो आणि निघालो. मी तिला माझा एक जुना, ढगळ अबाया दिला होता. गाडीत ती मागे बसली, दोन्ही हात अबायाच्या आत. एसी लावून काचा बंद केल्यावर दहा मिनिटांत गाडीभर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास पसरला.

मी मागे वळून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

जेद्दाहून ताइफला जायचं तर मोठा घाट चढावा लागतो. घाटात रस्त्याच्या कडेला माकडं बसलेली असतात. लाल तोंडाची, मानेभोवती राखाडी आयाळ असलेली दांडगी जात. गाडी गरम झाली म्हणून आजोबांनी कडेला घेतली आणि आत्याआजीने काच खाली करून केळं फेकलं. मी म्हटलं, "वन्सं, तिकडे पाटी आहे, खायला घालायला मनाई आहे."

"मुक्या जिवाला घास घालायला पाटी विचारायची होय?"

तिचं वाक्य संपायच्या आत एक नर बॉनेटवर येऊन बसला. त्याने सुळे दाखवले, वायपर धरून वाकवला आणि काचेला तोंड लावून आमच्याकडे पाहत राहिला. मागच्या गाडीतलं सौदी कुटुंब खिदळत होतं. आजोबा हॉर्न वाजवत होते, आत्याआजी रामरक्षा म्हणत होती. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"हसा," ती म्हणाली. "आईलाही तुम्ही अशाच हसायच्यात."

मी सासूबाईंना कधी हसले नव्हते. पण ते घाटात, माकडासमोर सिद्ध करण्यात अर्थ नव्हता. 

फाटकावर तो माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. पाहुणे येणार म्हणून तयार झाला होता. हातात परवानगीचा कागद. त्यावर आमची तीन नावं आणि खाली जबाबदार म्हणून त्याचं नाव, त्याच्या इकाम्याचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा, नंबर. त्याने आजोबांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, आजोबांनी त्याला वर उचललं. मग तो माझ्याकडे वळला. घराचा कारभार बायकांकडे असतो, म्हणून असेल.

"वयनी, येक विचारतो, रागावू नका. खायचं काय नाय ना बरोबर? पाणी चालंल. मुदीर लय कडक हाय. या टायमाला जनावरं सोडायची हायत ना."

अजूनही वास येत होता. आत्याआजी माझ्या मागे उभी होती.

"नाही," मी म्हटलं.

मी असं का म्हटलं, ते मी नंतर मनात पुष्कळ घोळवलं आहे. भांडण नको होतं म्हणून, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. तिला पकडावं, परक्या देशात परक्या माणसासमोर तिची फजिती व्हावी, आणि ती आजोबांच्या डोळ्यांदेखत व्हावी, असं मला वाटत होतं. दंड तिला होईल असं मी धरून चालले होते. कागदावर कोणाचा नंबर आहे, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं होतं.

त्याने आम्हांला पिंजऱ्यांकडे नेलं. पिंजरे म्हणजे मोठमोठी मैदानं, भोवती उंच तारेचं कुंपण, आणि कुंपणाला बाहेरून हिरवं कापड बांधलेलं. जनावरांना माणूस दिसू नये म्हणून ते कापड. पाहायला मधे मधे भोकं ठेवली होती. मी एका भोकाला डोळा लावला. दूर, बाभळीच्या सावलीत पाच-सहा जनावरं उभी होती. ऊन इतकं होतं की ती नुसती पांढरी दिसत नव्हती, पेटल्यासारखी दिसत होती.

"ती कडेची एकटी दिसते का, वयनी? ती माझी बाय."

तिची आई तिला पाजत नव्हती, म्हणून हिला त्याने बाटलीने वाढवलं होतं. दिवसातून पाच वेळा. पण बाटलीवर वाढलेलं जनावर माणसाकडे जातं, आणि माणसाकडे जाणारं जनावर बाहेर सोडत नाहीत. पहिलाच शिकारी त्याला टिपतो. साहेबांनी तिचं नाव यादीतून काढलं होतं. यानेच हट्ट धरला की मी तिला विसरायला लावतो. मग वर्षभर तो तिच्यासमोर गेला नाही. चारा दुसऱ्याने टाकायचा, याने कापडाआड उभं राहायचं, खोकायचंसुद्धा नाही.

"येक वरीस तोंड दाखवलं नाय मी तिला," तो म्हणाला. हे सगळं तो कुजबुजत सांगत होता. "आता माणूस दिसला की पळते. मुदीरनं नाव परत घातलं यादीत. थंडी पडली की सोडायची. ती गेली बाहेर की माझं पण काम पक्कं. नवीन कफील हाय, मालक म्हणा, जुनी माणसं कमी करतोय."

त्याचा फोन वाजला. मुदीर फाटकावर आले होते आणि पाहुणे डॉक्टरांना भेटायचं म्हणत होते. तो आणि आजोबा तिकडे गेले. आम्हांला म्हणाला, "इथंच ऱ्हावा, बोलू नका."

आम्ही दोघी उरलो. आत्याआजीने अबायातून डबा काढला. कागदाच्या ताटलीत दोन वडे, भात, वर खीर. ती खाली बसली आणि तिने कापडाची कड उचलली.

मी तीन पावलांवर होते. हात धरायला तीन पावलं फार नसतात.

कुंपणाखालच्या फटीतून तिने पान आत सरकवलं. मग डोक्यावरून पदर घ्यावा तशी अबायाची ओढणी पुढे ओढली आणि हाक मारली. तिच्या माहेरची, कोकणातली हाक. मी पुण्याची, मला तसं बोलता येत नाही.

"ये गो बाय, ये. ये गो."

सावलीतल्या सगळ्या जनावरांनी माना वर केल्या आणि ती पळाली. एक सोडून. कडेची एकटी उभी राहिली. तिचे कान पुढे आले.

"ये गो बाय."

तिने चालायला सुरुवात केली. धावत नाही, घाबरत नाही, गोठ्यात परतणारं जनावर येतं तशी. वर्षभर तिच्याशी ना कोणी अरबीत बोललं होतं, ना इंग्रजीत; बोललं असतं तरी ती आली नसती. बाटली देताना तो माणूस तिला ज्या शब्दांनी बोलवायचा, ते हेच होते. हे त्याने आम्हांला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज त्याला कशाला वाटेल? तिने मान खाली घातली आणि खीर चाटायला लागली.

आत्याआजी रडत होती. "आई," म्हणाली. तेवढं तिच्या गोष्टीतलं खरं आहे.

मागे गाडीचं दार वाजलं. मुदीर, आजोबा आणि तो, तिघेही आले होते. जनावर पळालं नाही. खिरीने माखलेलं तोंड वर करून तिने आधी आमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्याला पाहून ती कुंपणाला अंग घासू लागली.

मुदीर ओरडला नाही. त्याने इंग्रजीत शांतपणे विचारलं, हे खाणं कोणी आणलं.

आत्याआजीला प्रश्न कळला नाही. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी तो माणूस म्हणाला,

"अना, मुदीर." अना म्हणजे मी. "माझा डबा होता. मीच ठेवला."

पाहुण्यांची लाज राखायची म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून त्याने आम्हांला बोलावलं होतं ना.

आणि आम्ही तिघांनी ते तसंच राहू दिलं. मुदीरने आजोबांशी हस्तांदोलन केलं आणि आता आपण निघावं असं सांगितलं. तो माणूस आम्हांला फाटकापर्यंत सोडायला आला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आत्याआजीने त्याला आशीर्वाद दिला.

परतीच्या वाटेवर घाट उतरताना मी म्हटलं, "तुम्ही सांगायला हवं होतं."

आजोबा म्हणाले, "मी? फाटकावर 'नाही' कोण म्हणालं?"

"मला माहीत होतं असं तुम्हांला कसं माहीत?"

"वास मलाही येत होता," ते म्हणाले.

मागून आत्याआजी म्हणाली, "काय झालं एवढं? त्याने स्वतःहून घेतलं ना अंगावर? भला माणूस आहे. आणि आईचं पान पोचलं. तुमच्या कचऱ्यापेक्षा बरं."

मी त्या दिवशीच पत्र लिहिलं. मुदीरला, इंग्रजीत, दोन पानं. सगळं खरं: खाणं आम्ही आणलं, मला ठाऊक होतं, मी खोटं बोलले, या माणसाचा दोष नाही. चांगलं पत्र होतं. आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, "पाठव. पण गुरुवारनंतर." त्यांच्या नोकरीच्या मुदतवाढीचा कागद मंत्रालयात होता आणि गुरुवारी सही व्हायची होती. मी गुरुवारपर्यंत थांबले. पाकिटावर तिकीट लावून, पत्ता तपासून, ते टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवलं आणि रोज त्याच्याभोवतीची धूळ पुसली. सही झाली. पत्र गेलं. दहा दिवसांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: पत्र मिळालं, संबंधित कामगार मायदेशी परतला आहे.

मी गुहागरला फोन लावला. माफी मागायचं वाक्य मी लिहून घेतलं होतं. त्याने ते पुरं होऊ दिलं नाही.

"वयनी, पत्राचं नका सांगू मला. बाहेर सोडली का तिला, तेवढं सांगा."

"चौकशी करून कळवते."

"कळवा. नायतर फोन करू नका."

चौकशी करणं अवघड नव्हतं. मी तीन वर्षं केली नाही. आजोबा या वर्षी निवृत्त झाले, महिन्याअखेर आम्ही कायमचे पुण्याला परततो आहोत. सामानाच्या खोक्यांवर मी आकडे घातले आहेत आणि प्रत्येकाची यादी केली आहे. रविवारी तुमचा कॉल झाला, आणि मंगळवारी मी अभयारण्यात जायच्या परवानगीसाठी अर्ज केला. आता त्यांनी पाहुण्यांसाठी रीतसर व्यवस्था केली आहे. गाडीची किल्ली आजोबांनी टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. म्हणाले, "कशाला उकरतेस?" मी एकटी घाट चढले. लायसन्स काढल्यापासून एवढ्या लांब कधी गेले नव्हते. माकडं होती. काच उघडली नाही.

तिथे आता एक सुदानी राखणदार आहे. बाटलीवर वाढलेली ती कुठे आहे, असं मी विचारल्यावर त्याने फाटकाजवळच्या एका लहान कुंपणाकडे बोट दाखवलं. या कुंपणाला कापड नाही. ती एकटीच होती. बाकीची तेव्हाच, त्याच थंडीत बाहेर गेली. ही आता पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहे. पण ती कोणाकडे येत नाही, राखणदार म्हणाला. पाठ करूनच उभी असते.

मी अर्धा तास उभी राहिले. ती पाठ करूनच उभी होती. खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही, ही माझी सवय. आता तिला बिघडवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मी माझ्या पुणेरी तोंडाने, जमेल तशी, एकदाच हाक मारली.

"ये गो बाय."

कान आधी वळले. मग ती वळली.

गाडीत बसून मी गुहागरला फोन केला. सांगितलं: सोडली नाही. जिवंत आहे. तब्येत चांगली आहे. हाकेला येते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुणाच्या हाकेला?"

"तुमच्या शब्दांना. शब्द तेच हवेत."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आत्याआजीशी मी हे बोललेले नाही. आजोबांशी माझं बोलणं सध्या सामानापुरतं होतं. ती ताइफच्या पलीकडे, फाटकापासून डाव्या हाताच्या पहिल्या कुंपणात आहे, आणि त्या हाकेला अजून येते.